सत्तावीस नंबरच्या बागेतलं पाणी

११ जुलै २०२२

प्रिय एल्के,

घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. पाकिटावर माझं अक्षर दिसलं की आपल्या घराण्यात लोक आधी खुर्ची शोधतात, म्हणून हे पहिल्याच ओळीत सांगितलं. मला एकच गोष्ट विचारायची आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. तुम्ही मंडळाच्या बाग-वसाहतीतली ती सत्तावीस नंबरची भाड्याची बाग सोडलीत, तेव्हा तुझ्या डेटलेफने मुलांसाठी खणलेला तो हौद तुम्ही पुरता बुजवला होता, की नुसत्या फळ्या टाकून वर माती पसरली होती?

पोस्टकार्डावर उत्तर दिलंस तरी चालेल. आईच्या वहीतला तुझा फोन नंबर लागत नाही.

कारण हसण्यासारखं आहे. मी डास पकडते. डासांनी मला चावणं नवीन नाही, तू इथेच वाढलीस, ऱ्हाइनकाठचे डास तुला माहीत आहेत. पण यंदा जूनपासून भर दुपारी, कॉफीच्या वेळी, घोट्याला चावे बसायला लागले. आपले डास संध्याकाळी येतात, गुणगुणून वर्दी देतात आणि मग चावतात. हे नवीन पाहुणे वर्दीबिर्दी काही देत नाहीत. वर्तमानपत्रात वाचलं की एक संशोधन संस्था लोकांकडून डास मागवते आहे. डास चिरडायचा नाही, पेल्याखाली धरायचा, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचा, काडेपेटीत कापूस घालून पोस्टाने पाठवायचा, सोबत कुठे आणि किती वाजता पकडला ते लिहायचं. मी पाच पाठवले. रास्पबेरीच्या डब्याशेजारी ठेवले होते. आता मला रास्पबेरी नको वाटतात, ते सोड.

तीन आठवड्यांनी डॉक्टर ब्रेम नावाच्या बाईंचं पत्र आलं. चार डास साधे. पाचवा आशियाई वाघडास, पाठीवर सरळ एकच पांढरी रेघ, मागच्या पायांचे शेंडे पांढरे. आपल्या भागात यापूर्वी सापडलेला नव्हता. दक्षिणेकडून मोटारींत बसून येतो, म्हणाल्या, आणि टेकला की हलत नाही. चमचाभर साचलेलं पाणी त्याला पुरतं. अंगात वाईट ताप वाहून नेऊ शकतो, म्हणून तो कुठे वाढतो ते शोधणं फार गरजेचं.

पत्र वाचून मला आनंद झाला, एल्के. आजाराचा डास सापडला म्हणून एखादी बाई स्वयंपाकघरात गिरकी घेते का? मी घेतली. अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा माझ्याकडून कुणाला तरी काही कळलं होतं.

हा डास जन्मल्या जागेपासून दोनशे पावलांपलीकडे सहसा जात नाही. मी माझ्या सव्वीस नंबरभोवती नकाशावर वर्तुळ काढलं. त्यात सत्तावीस नंबर येतो. आता तिथे कार्मेलो असतात, तू त्यांना ओळखत नाहीस. म्हणून हौदाचं विचारलं.

रोझविटा


२४ जुलै

प्रिय एल्के,

कार्ड मिळालं. "एकसष्ट ढकलगाड्या वाळू. तू कुंपणापलीकडून बघत होतीस." इतकंच. पण तुझं अक्षर अजून तसंच उजवीकडे पळतं, ते बघून बरं वाटलं.

म्हणजे हौद संशयातून सुटला. मग मी कार्मेलोंकडे गेले. सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत, विशीत सिसिलीहून इथे टायरच्या कारखान्यात आले, बायको गेल्यावर त्यांनी तुमची बाग घेतली. टोमॅटो असे काढतात की बघत राहावं. पण पाणी साठवायची फार हौस. मी मोजल्या, चौदा बादल्या, दोन पिंपं, एक जुना बाथटब.

"कार्मेलो, यातल्या किती बादल्यांवर झाकण आहे?" मी विचारलं.

"एकीवरही नाही. आमच्या गावात पाण्यावर झाकण ठेवलं तर शेजारी म्हणतात, हा कंजूष."

"आशियाई डास आलाय. दक्षिणेकडून येतो."

"मीही दक्षिणेकडूनच आलो होतो, रोझविटाबाई. मलाही स्टेशनवर उतरल्या उतरल्या एका फॉर्ममध्ये भरलं होतं. दात मोजले, छाती मोजली. या डासाचे दात मोजलेत का?"

मी हसले नाही. आत्ता लिहिताना हसू येतंय. बादल्यांत अळ्या वळवळत होत्या. दोन चमचे अळ्या मी बाटलीत घेतल्या आणि संस्थेला पाठवल्या. फॉर्मवर "सत्तावीस नंबर, पाचशे ऐंशी लिटर उघडं पाणी" असं लिहिलं. मंडळाची सचिव मीच आहे, अजूनही, त्यामुळे अध्यक्ष होफाकर यांच्याही कानावर हे जाणं भाग होतं.

तू असतीस तर म्हणाली असतीस, भाग होतं की हौस होती?

रोझविटा


९ ऑगस्ट

प्रिय एल्के,

तुझं पत्र आलं, या खेपेला पानभर. तुझ्याकडे समुद्राचा वारा असल्याने डास नसतात हे वाचून हेवा वाटला. तू विचारतेस, कार्मेलोंच्या विरोधात तक्रार कुणी केली? ते सभेत कळेलच. आधी डासांचं सांगते.

होफाकरांनी कार्मेलोंना नोटीस दिली. सार्वजनिक आरोग्याला धोका, चौदा दिवसांत पाण्याचे सगळे साठे काढा. हिवाळ्यातच कुंपणापलीकडे गेलेल्या द्राक्षवेलीबद्दल आणि मोठ्याने रेडिओ लावल्याबद्दल त्यांना दोन नोटिसा मिळाल्या होत्या. म्हणजे ही तिसरी. तिसऱ्या नोटिशीनंतर काय होतं हे तुला मी सांगायची गरज नाही. दहा सप्टेंबरला सभा आहे, हात वर करून मतदान होईल आणि सत्तावीस नंबर पुन्हा रिकामा होईल.

त्यांनी एका दुपारी चौदाही बादल्या पालथ्या घातल्या. पिंपांना जाळी बांधली. बाथटबात माती भरून त्यात तुळस लावली. मी कुंपणाशी उभी होते, त्यांना दिसत होते, आणि त्यांनी रेडिओचा आवाज आणखी कमी केला. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

आणि आता ऐक. दहा दिवस झाले आणि डास कमी झालेले नाहीत. वाढलेत! मी दुपारी दोन ते तीन उघड्या पायांनी खुर्चीत बसते, घड्याळ लावते आणि किती येतात ते मोजते. बादल्या असताना तासाला नऊ, आता तेरा. हे कसं? मला रात्री झोप येत नाही असं म्हणणार होते, पण खरं म्हणजे सकाळ कधी होते असं होतं.

डॉक्टर ब्रेम गुरुवारी स्वतः आल्या. मी पांढऱ्या कोटातली म्हातारी बाई समजत होते, तर तिशीची पोरगी, सायकलवर, गुडघ्याला खरचटलेलं. म्हणाली, बादल्यांतल्या अळ्या सगळ्या साध्या डासांच्या होत्या. सगळ्या! वाघडासाची एकही नव्हती. तिने मला दहा काळे प्याले दिले, तळाशी पाणी आणि आत एक लाकडी पट्टी. मादी पट्टीवर पाण्याच्या काठाशी अंडी घालते, काळी, खसखशीएवढी. दर आठवड्याला पट्ट्या बदलायच्या आणि पाठवायच्या.

पहिल्या पट्ट्या मी आठवडा व्हायच्या आधीच भिंगाखाली मोजल्या. कार्मेलोंच्या झोपडीशी चार अंडी. माझ्या कोबीत अकरा. कुंपणालगतच्या तीन प्याल्यांत दोनशे सहा.

कुंपणात पाणी कुठून येणार? तुला काही सुचतं का?

रोझविटा


२३ ऑगस्ट

एल्के,

सापडलं.

काल दुपारी मी कुंपणाशी बीन्सच्या वेलाला दोरी बांधत होते. खांबाच्या तोंडातून एक डास वर आला, काठावर बसला, पाय झटकले आणि उडाला. त्याच्यामागून दुसरा. मी आत डोकावले. खांब म्हणजे लोखंडी पोकळ नळी, आत वीतभर खाली काळं पाणी चमकत होतं. नाताळच्या बदकावर रस सोडायची आपली रबरी पिचकारी आठवते? ती आणली, आत घातली, वर ओढली आणि पांढऱ्या बशीत सोडली. बशीत तेवीस अळ्या आणि सहा कोष.

मग मी सगळं कुंपण पालथं घातलं. बावन्न खांब. अडतीसमध्ये अळ्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आई असती तर म्हणाली असती. मी सव्वा महिना लोकांच्या बादल्यांत वाकून बघत होते आणि माझी कोपरं त्या खांबांवर टेकलेली असायची.

आता त्या खांबांची गोष्ट. ते तीन वर्षांपूर्वी बसवले. दुकानातून आले तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यावर काळी टोपी होती. बसवून झाल्यावर मी माझी घडीची मोजपट्टी घेऊन गेले. नियमात कुंपणाची उंची एक मीटर वीस. खांब भरले एक मीटर सव्वीस. खोल पुरायला हवे होते, पण सिमेंट वाळलं होतं. मी लाल खडूने प्रत्येक खांबावर खूण केली आणि शनिवारच्या श्रमदानात सगळे खांब खुणेवर कापून घेतले. कापलेले तुकडे टोप्यांसकट भंगारात गेले. बावन्न खांब, एका रेषेत, एक मीटर वीस. मी त्याचा फोटो काढून मंडळाच्या फलकावर लावला होता.

त्या दिवशी करवत कार्मेलोंच्या हातात होती. ते म्हणाले होते, "बाई, यात पाऊस जाईल."

मी म्हणाले होते, "नियमात पावसाचा उल्लेख नाही."

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. सभेला अठरा दिवस आहेत. संस्थेचा फॉर्म टेबलावर आहे, "जागा" या रकान्यात मी "कुंपण" एवढं लिहिलंय आणि पुढे पेन चालत नाही. गंमत बघ, दुसऱ्याचे लिटर लिहिताना कसं भराभर चाललं होतं. सांगणार आहेच. फक्त आधी पुन्हा एकदा मोजून खात्री करते.

रोझविटा

ता. क. तू पुन्हा तेच विचारलंस, तक्रार कुणाची. तुला माहीत असल्यासारखं विचारतेस.


४ सप्टेंबर

एल्के,

कार्मेलोंची तक्रार मी केली.

तुमचीही मीच केली होती.

अकरा वर्षांपूर्वी मंडळाला ते बिननावाचं पत्र आलं, "सत्तावीस नंबरमधील हौद नियमापेक्षा खोल आहे", ते मी टाइप केलं होतं. त्या रविवारी तुम्ही सगळे आईकडे जेवायला गेला होतात. मी डोकं दुखतंय म्हणून आले नाही. दुपारच्या शांततेच्या वेळात, वसाहतीत कुणी हूं की चूं करत नाही तेव्हा, कुंपण ओलांडून आत गेले आणि हौदात मोजपट्टी सोडली. नियम पन्नास सेंटिमीटरचा. साडेछप्पन भरले. आकडा पत्रात घातला. तुम्हाला आधीच दोन नोटिसा होत्या हे मला सचिव म्हणून माहीत होतं. ही तिसरी होणार हेही माहीत होतं.

नियम म्हणून केलं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. त्यात अर्धंही खरं नाही. त्या वसंतात हेल्मुट मला सोडून गेला होता. कुंपणापलीकडून तुझी पोरं पाण्यात उड्या मारायची, डेटलेफ व्हेल मासा व्हायचा, तू ओरडायचीस, "केस भिजवू नका रे!" आणि मी एकटी बसून वाटाणे सोलायचे. मला तुझा हेवा वाटला. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, स्वतःलासुद्धा नाही.

तुम्ही होफाकरांवर संशय घेतलात आणि मी घेऊ दिला. आईच्या अंत्यविधीला तू माझा हात परक्यासारखा हातात घेतलास तेव्हा मला वाटलं, दुःखामुळे असेल.

माफी मागायला हवी. मागते. पण त्याआधी दहा तारखेला उभं राहायचंय. आधी तुला सांगितल्याशिवाय त्या सभेत मला तोंड उघडता आलं नसतं.

रोझविटा


११ सप्टेंबर

एल्के,

तुझं उत्तर नाही. बरोबरच आहे. पण काय झालं ते तुला कळायला हवं, बाग तुझी होती.

सभेला सत्तेचाळीस जण आले. आलुबुखाराचा केक मीच नेला होता, तोही कुणी खाईना, सगळ्यांना मतदान उरकून घरी फुटबॉल बघायचा होता. कार्मेलो शेवटच्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर टोपी. होफाकरांनी नोटीस वाचली. "तर मग हात वर..."

मी उभी राहिले. "थांबा. डास खांबांतून येतायत."

"कुठल्या खांबांतून?"

"आपल्या. मी कापायला लावले त्या."

मी पांढरी बशी आणली होती आणि बाटली. बशीत ओतून रांगेतून फिरवली. बायका मागे सरकल्या, पुरुष पुढे वाकले. मी आकडे वाचले. बादल्यांत शून्य वाघडास, अळ्या असलेले खांब अडतीस, आणि अडतीसही खांबांत वाघडास. संस्थेचं पत्र वाचलं. मग म्हणाले, "खांबांवर खुणा मी केल्या, करवतीच्या वेळी या माणसाने मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. त्यांची तक्रारही मीच केली. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका."

कुणीतरी मागून म्हणालं, "पण वेल तर अजून कुंपणावर आहे ना?" आणि सगळे हसले. मला हसू आलं नाही. होफाकर टक्कल पुसत म्हणाले, "म्हणजे आता बावन्न टोप्या घ्यायच्या?"

"टोप्या उडतात," कार्मेलो पहिल्यांदा बोलले. "वाळू भरा. काठापर्यंत. पाणी उभंच राहणार नाही."

मतदान झालं. सत्तावीस नंबर काढून घ्यावा या बाजूने चार हात. मी सचिवपदाचा राजीनामा दिला आणि तो इतक्या तत्परतेने मंजूर झाला की काय सांगू.

दारात कार्मेलोंनी मला गाठलं. वाटलं, आता आभार मानतील किंवा शिव्या देतील. म्हणाले, "बाई, एक सांगा. ती मादी खांबाच्या आत अंधारात शिरते, तिला पाणी आहे हे बाहेरून कळतं कसं? वास येतो?"

मी म्हणाले, मला माहीत नाही, विचारते. आज सकाळी आठ वाजता आम्ही दोघं वाळू भरत होतो. एक खांब आम्ही तसाच ठेवलाय, डॉक्टर ब्रेमच्या परवानगीने, वर बारीक जाळी बांधून. आत काय काय चालतं ते बघायला.

तुझ्या बागेची माती अजून चांगली आहे.

रोझविटा


२ ऑक्टोबर

प्रिय एल्के,

तुझं पत्र काल आलं. मी ते बागेत नेऊन वाचलं, घरात वाचवेना.

तू लिहितेस: "आम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. होफाकरांनी डेटलेफला पत्र दाखवलं. त्याने आकडा वाचला आणि म्हणाला, साडेछप्पन? या वसाहतीत अर्धा सेंटिमीटर मोजणारं माणूस एकच आहे. मग तो पट्टी घेऊन गेला आणि परत येऊन पायरीवर बसला. रोझविटा, मुलं आत पडू नयेत म्हणून त्याने काठावर विटांची एक ओळ लावली होती. तू विटेच्या वरून मोजलंस. वीट सात सेंटिमीटरची. नियम जमिनीपासून मोजायचा आहे. हौद साडेएकोणपन्नास होता."

हे वाक्य मी पाच-सहा वेळा वाचलं. मग घरी जाऊन नियमावली काढली, दोन हजार सहाची. जमिनीपासून. मीच टाइप केली होती.

पुढे तू लिहितेस, की त्याला लढता आलं असतं. पण लढायचं तर ते पत्र भर सभेत वाचलं गेलं असतं आणि सगळ्या वसाहतीला तो अर्धा सेंटिमीटर ओळखू आला असता. "आई दर रविवारी दोन्ही मुलींना एका टेबलावर बघते, तेवढं तिचं राहू दे, म्हणाला. मला शपथ घातली. मग आम्ही वाळू आणली. मी तुझ्यावर बागेसाठी रागावले नाही. तो पाठ धरून एकसष्ट गाड्या ओढत होता आणि तू कुंपणाशी उभी राहून विचारलंस, मदत करू का. त्यासाठी रागावले. आणि नंतर अकरा वर्षं तू सांगशील याची वाट बघितली."

विचारलं होतं मी. आठवतंय. तो म्हणाला होता, "नको, होतच आलंय."

मी तुझ्याकडे माफ कर म्हणून हट्ट धरणार नाही. तू येणार नाहीस असं लिहिलंयस, तेही समजलं. कार्मेलोंना मी सगळं सांगितलं. ते फावडं घेऊन हौद होता तिथल्या कडेला गेले. विटांची ओळ अजून आहे, गवताखाली. त्यांनी एकही वीट काढली नाही, नुसतं वरचं गवत साफ केलं. मी तिथेच बसले आणि रडले, आणि ते टोमॅटोच्या काठ्या काढत राहिले.

पण एल्के, एक गोष्ट मला छळते आणि ती कुठल्याही संस्थेला पाठवता येत नाही. बाग गेल्यानंतर डेटलेफ दोन वर्षं जगला. दोन्ही वर्षी माझ्या वाढदिवसाला त्याचा फोन आला. मी समजायचे, याला माहीत नाही, म्हणून इतका मोकळा बोलतोय. हवापाणी, बीन्स, मुलांचे मार्क. आणि ठेवताना दर वेळी विचारायचा, "काय रोझविटा, सगळं मापात आहे ना?" मी म्हणायचे, "अगदी मापात." तो हसायचा.

तो फोन करायचा तेव्हा तू खोलीत असायचीस का? फोन ठेवल्यावर त्याचा चेहरा कसा असायचा? तेवढं सांग.

तुझी,
रोझविटा